डाव्या हाताची सही

४ सप्टेंबर

साळुंकी,

आधीच सांगते, हे पत्र दादाला वाचून दाखवू नकोस. जेवताना तू माझी पत्रं मोठ्याने वाचतेस आणि तो घासागणिक 'हं, हं' करतो, हे मला ठाऊक आहे. एवढं एक वगळ. फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन स्पीकरवर असतो आणि मी 'हॅलो' म्हणायच्या आत मागून सल्ला येतो. भाऊ म्हणून तो लाखात एक. पण नवं काही कानावर पडलं की आधी 'नको' म्हणतो आणि मग विचारतो, काय म्हणालीस? तू माझी वर्गमैत्रीण आधी आणि त्याची बायको नंतर, म्हणून तुलाच सांगते.

खालचा घड्याळजी दुकान सोडतोय. मुलीकडे राहायला चालला. साळुंकी, ती खोली तू पाहिली आहेस. रस्त्याच्या बाजूला मोठी काच, दिवसभर सावलीतला स्वच्छ उजेड. आयुष्यभर मी शाळांचे गणवेश कापले ते ट्यूबलाइटखाली. निळा कोणता आणि काळा कोणता हे कापड दारात नेऊन बघावं लागायचं. आता त्या काचेपाशी माझं कापायचं टेबल असेल, भिंतीला दोन मशिनं, आणि कापायला शिकणाऱ्या चार-पाच जणी. त्या कापतील, मी बघीन आणि बोलीन. बोलण्याला माझा हात लागत नाही. रात्री झोपेत मी टेबल या भिंतीपासून त्या भिंतीला सरकवत असते.

घरमालक म्हणाला, "बाई, तुम्ही जुन्या भाडेकरू म्हणून महिनाअखेरपर्यंत थांबतो. मोबाइलवाला रोज येऊन बसतोय."

म्हणून मुदत ठेव मोडायला बँकेत गेले. सही केली. हाताच्या थरथरीचं तुला माहीतच आहे, हे अक्षर बघतेच आहेस. जुळली नाही. पुन्हा केली. पुन्हा नाही. मग काउंटरवरच्या चष्मेवाल्याने, माझ्या मागच्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आजी, घरचं कोणी नाही का? भाऊबिऊ? खातं जॉइंट करून टाका, म्हणजे तुम्हाला यायलाच नको."

"मला यायचं असतं," मी म्हणाले.

रांगेतलं कोणीतरी हसलं. मी पिशवी उचलली आणि घरी आले. आपलेच साठवलेले पैसे, आणि मागताना कानशिलं तापावीत. काय करू, सांग.

तुझी
कातरी


८ सप्टेंबर

कातरी,

तुझं पत्र मी न्हाणीघरात दार लावून वाचलं. 'हे' बाहेरून विचारत होते, बरं वाटत नाही का. म्हटलं, उत्तम वाटतंय.

अगं, दुकान घेच. मला तर इथे बसून ते टेबल दिसायला लागलं. आणि सहीचं म्हणशील तर तुझा दुसरा हात काय करतोय? विसरलीस? कॉन्व्हेंटमध्ये पहिल्या वर्षी तू डाव्या हाताने लिहायचीस. सिस्टरने तुझ्याच केसांच्या रिबिनीने तो हात बाकाला बांधला होता. मी शेजारी होते, मधल्या सुट्टीत गाठ मी सोडायची आणि घंटा झाली की परत बांधायची, म्हणजे आपण दोघींनी मार खाऊ नये. त्या सिस्टरचा मला राग येत नाही, तिनेच आपल्याला गाणी शिकवली, आजारी पडलो तर डोक्याशी बसली. पण कातरी, हात थरथरतो तो उजवा. डाव्याला कुठे काय झालंय? तो बिचारा इतकी वर्षं नुसता कापड धरून बसलाय.

आमच्या वर एक कॅशिअरबाई राहतात, बँकेतून निवृत्त झालेल्या. नाव न घेता त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, सही बदलता येते. माणसाचं वय वाढतं तशी सहीही बदलते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. अर्ज द्यायचा, ओळख पटवायची, अधिकाऱ्यासमोर नवी सही करायची. आणि नाही म्हणाले तर का नाही ते लिहून मागायचं. 'तोंडी नकार म्हणजे नकारच नाही,' असं म्हणाल्या. ग्राहकाला काय काय मिळालं पाहिजे ते प्रत्येक शाखेत भिंतीवर लावलेलं असतं म्हणे. हसून म्हणाल्या, "बहुतेक कुंडीच्या मागे असेल."

जा आणि कुंडीमागे बघ.

तुझी
साळुंकी

ता.क. 'ह्यां'ना अजून काही कळलेलं नाही. पोटात गोष्ट ठेवायची म्हणजे मला नऊ महिने झाल्यासारखं वाटतं.


१३ सप्टेंबर

साळुंकी,

हे पत्र उजव्या हाताने लिहितेय, म्हणून तीन बैठका झाल्या. सोबतचं कार्ड मात्र डाव्याने लिहिलंय, एका दमात. वाचता येणार नाही. आरसा घे.

झालं काय, तुझं पत्र वाचून मी पेन्सिल डाव्या हातात धरली आणि माझं नाव लिहिलं. हात थरथरला नाही. पण अक्षरं उलटी. उजवीकडून डावीकडे, प्रत्येक वळण उलट्या बाजूला, आरशात बघावं तशी. सरळ लिहायला गेले की हात अडखळतो. उलट लिहू दिलं की पाण्यासारखा वाहतो. मला वाटतं, त्या रिबिनीच्या आधी तो असाच लिहायचा आणि तिथेच थांबून माझी वाट बघत होता. दुपारभर मी नुसती सह्या करत होते. वर्तमानपत्राच्या कडेला, दुधाच्या बिलावर, तुझ्या पाकिटावर. लग्न ठरलेली मुलगी नवं नाव गिरवते ना, तशी. या वयात, आणि तेही आपलं स्वतःचंच नाव.

आज बँकेत गेले. कुंडी होती. रबराचं झाड, माणसाएवढं. शिपायाला म्हटलं, "जरा सरकवता का?" तो म्हणाला, "त्याच्या मागे काही नाही, बाई." सरकवल्यावर चौकट निघाली, काचेवर बोटभर धूळ. रुमालाने पुसली आणि वाचायला लागले. तिथेच उभी राहून, मोठ्याने, कारण मला चष्म्याशिवाय मनात वाचता येत नाही. वयावरून किंवा शारीरिक अडचणीवरून कोणाशी भेदभाव होणार नाही. खात्याची माहिती खातेदाराच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कोणाला दिली जाणार नाही. सेवा नाकारली तर कारण कळवलं जाईल. तक्रारीला पोच मिळेल आणि वेळेत उत्तर. साळुंकी, किती चांगलं लिहिलंय गं. मला वाटत होतं मी उपकार मागायला येते. रांगेतले लोकही ऐकत होते. एक बाई म्हणाली, "परत एकदा वाचा हो, ते कारणाचं."

मग चष्मेवाल्यासमोर बसले. ओळखपत्रं ठेवली आणि डाव्या हाताने सही केली. एक, दुसरी, तिसरी. त्याने कागद फिरवला, उलटा धरला, शेवटी उठून खिडकीशी गेला आणि मागच्या बाजूने उजेडावर धरला. तिथूनच त्याने माझं नाव अक्षर अक्षर वाचलं. "आजी, हे तर बरोबर आहे."

"आजी नाही, खातेदार," मी म्हणाले.

तो हसला. तिन्ही सह्या एकावर एक ठेवल्या तर केसाचाही फरक नाही. सही कोणत्या दिशेने करावी असा काही नियम आहे का, ते त्याने आतल्या दोघांना विचारलं. नाही निघाला. अर्ज घेतला, त्यात दुकानाचं आणि मालकाच्या मुदतीचंही लिहिलं होतं, आणि पोच दिली. मॅनेजरची मंजुरी पुढच्या शुक्रवारी.

येताना डाव्या हाताची कात्री बघून आले. अशी असते म्हणे, पाती उलट बसवलेली. मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

तुझी उलटी
कातरी


१७ सप्टेंबर

वन्सं,

आज मुद्दाम मानाने हाक मारते, कारण तुम्ही आता मोठ्या बाई झालात.

कार्ड ड्रेसिंग टेबलासमोर धरून वाचलं आणि पावडरच्या डब्यावर डोकं टेकून हसले. नंतर थोडी रडलेही. कॅशिअरबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांच्या नोकरीत अंगठे पाहिले, फुल्या पाहिल्या, एकाने मासा काढलेला पाहिला, पण आरशातली सही नाही पाहिली. मंजूर व्हायलाच हवी, म्हणाल्या.

एक गंमत झाली. कार्ड मी टेबलावर विसरले आणि ते 'ह्यां'च्या हाती लागलं. त्यांनी उलटं केलं, सुलटं केलं, चष्मा पुसला. "हे काय आहे?"

मी चपात्या लाटत होते. दुकानाचं गुपित बाहेर निघू नये म्हणून घाईघाईने म्हटलं, "काही नाही, तुमच्या बहिणीचं आता असंच चालतं."

"कधीपासून?"

"झाले चार-पाच दिवस. बँकेतसुद्धा असंच करून आली." बँक शब्द तोंडातून गेलाच. पण पुढचं गिळलं. वाटलं, उलट्या अक्षराचं कोडं त्यांचं त्यांना सुटू दे. एवढी वर्षं शब्दकोडी सोडवतात, त्यांना कळू दे.

 ते नीट जेवलेही नाहीत. आज पहाटेच्या गाडीने एका मित्राच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे म्हणून गेलेत. मित्र कोण ते सांगितलं नाही. मला वाटतं, कोडं सुटत नाही म्हणून चिडलेत.

शुक्रवारचं लगेच कळव. मला इथे धीर नाही.

तुझी
साळुंकी


२१ सप्टेंबर

साळुंकी,

दोन गोष्टी. एक गोड, एक कडू. गोड आधी.

मंगळवारी दादा आला. न कळवता, हातात सफरचंदांची पिशवी. इतका आनंद झाला मला. खुर्चीत बसला, माझा हात हातात घेतला आणि विचारतो काय, "आज वार कोणता गं?"

तुला आठवतं का, आम्ही लहानपणी शाळा-शाळा खेळायचो? तो मास्तर. तो असंच तोंड करून प्रश्न विचारायचा, मी मुद्दाम चुकीची उत्तरं द्यायची आणि तो फूटपट्टी घेऊन घरभर माझ्या मागे. मला वाटलं, वा, दादाला खेळ आठवला. म्हटलं, "शुक्रवार, मास्तर."

"मी कोण?"

"नवे पोस्टमन ना?"

"आई कुठे आहे?"

"बाजारात गेलीय. येताना फुगे आणणार आहे."

फूटपट्टी शोधायला उठेल म्हणून मी तयारीत होते. पण तो तसाच बसून राहिला आणि डोळ्यांना रुमाल लावला. हसून हसून पाणी आलं असणार. जाताना त्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. असं त्याने मी न्यूमोनियातून उठले तेव्हा केलं होतं, त्यानंतर नाही. दिवसभर मी गुणगुणत होते.

आता कडू. काल बँकेत मला मॅनेजरनेच आत बोलावलं. पाणी दिलं. इतक्या हळू, गोड आवाजात बोलला की मला वाटलं याच्या घरात कोणी गेलंय. "आई, तुम्ही आता विश्रांती घ्यायची. पैशाची काळजी करायची नाही. पैसे सुरक्षित आहेत."

"माझा अर्ज?"

"तो तूर्त बाजूला ठेवलाय."

"कारण?"

"तुमच्याच भल्यासाठी."

मी म्हटलं, लिहून द्या. तो नुसता हसला. बाहेर चष्मेवाल्याने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. सात दिवसांपूर्वी माझं नाव उजेडावर वाचणारा हाच माणूस. मला काहीच कळेना. धडधाकट हात आहे, सही जुळते, मग माझं भलं यांना अचानक कुठून दिसलं?

तिथेच बाकावर बसून तक्रार लिहिली. डाव्या हाताने लिहून नुसता गोंधळ झाला असता, म्हणून उजव्यानेच, पाऊण तास. पोच घेतली आणि एक प्रत मुख्य कार्यालयाला पाठवली. महिना संपायला आलाय. मोबाइलवाला आज दुकानाची मापं घेऊन गेला. माझ्या काचेची मापं.

तुझी
कातरी


२४ सप्टेंबर

कातरी,

हे पत्र बसून वाच.

तुझं पत्र मी जेवताना वाचलं, मोठ्याने, कारण 'ह्यां'नी मागितलं. मला वाटलं, त्यांच्या भेटीचं लिहिलंय ते ऐकवावं, पुढचं गाळावं. म्हणजे मित्राचं ऑपरेशन वगैरे काही नव्हतं, ते तुझ्याकडेच आले होते, हे मला तुझ्या पत्रातून कळलं. 'नवे पोस्टमन' पर्यंत आले आणि मी हसत सुटले. समोर बघते तर यांचा चमचा ताटात.

"म्हणजे ती चेष्टा करत होती?"

"मग काय?"

"आणि ते कार्ड?"

"आरशात बघायचं असतं."

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग सगळं बाहेर आलं. कार्डावरचं ते अक्षर आणि माझं 'आता असंच चालतं' ऐकून त्यांनी धरलं की तुझं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही. खात्री करायला आले आणि तू तशी उत्तरं दिलीस. तुझ्याकडून उठले ते सरळ बँकेत. मॅनेजरला म्हणाले, बहिणीचं चित्त स्थिर नाही, मला विचारल्याशिवाय काही करू देऊ नका. आणि त्या मॅनेजरने काय करावं? यांना खुर्ची दिली आणि सगळं सांगून टाकलं. ठेव मोडतेय, दुकान घेतेय, घरमालक घाई करतोय. यांना वाटलं, वेड्या बहिणीला कोणीतरी लुबाडतंय.

मी त्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही. चार शब्द स्वतःलाही बोलले, कारण कोड्याची हौस माझी होती. त्यांचा हात धरून ड्रेसिंग टेबलासमोर उभं केलं आणि कार्ड धरलं. 'दुकानात पहिला शर्ट शिवून घेईन तो दादासाठी. त्याची कॉलर नेहमी एका बाजूला उचललेली असते आणि तुला ते कधी दिसत नाही.' ते वाचत राहिले. माझा हात दुखायला लागला तरी वाचतच होते. मग म्हणाले, "मी आत्ता बँकेला फोन करतो. चूक झाली सांगतो. पाच मिनिटांचं काम."

मी म्हटलं, थांबा. आधी तिला विचारते. विचारतेय गं. हो म्हण. एका फोनने काम होईल.

तुझी
साळुंकी


२६ सप्टेंबर

साळुंकी,

आधी मी हसले. मग पत्र दुसऱ्यांदा वाचलं आणि सफरचंदं शेजारी देऊन आले, ती मला घरात नको झाली. मग दोन परत मागून आणली. दादाचा राग मला एवढाच वेळ येतो. तो रडत होता आणि मी फूटपट्टीची वाट बघत होते. दोघंही म्हातारे झालो.

पण फोनला नाही म्हणते.

समजून घे. दादा आला, एकदा बोलला, आणि माझं खातं बंद झालं. मी तीन वेळा गेले, ओळखपत्रं दाखवली, सह्या केल्या, कारण मागितलं, आणि काही झालं नाही. आता दादा फोन करणार, पुन्हा एकदा बोलणार, आणि खातं उघडणार. मग ते माझं कसं? किल्ली त्याच्याच खिशात की. उद्या त्याला पुन्हा काही वाटलं तर? परवा तुमच्या पोराला वाटलं तर?

मॅनेजरने दादाचं ऐकून बंद केलं, तर आता माझं ऐकून उघडायला हवं. दुकानासाठी मी कासावीस आहे, तुला माहीत आहे. तरी नाही. दादाला सांग, मी रागावलेली नाही. पण तोंडाला कुलूप लाव म्हणावं.

उद्या बँकेत जातेय.

तुझी
कातरी


२८ सप्टेंबर

कातरी,

घाईत लिहितेय, हे स्पीडपोस्टने जाईल. सोमवारी तीस तारीख. तत्त्वाचं पुढच्या महिन्यात बघू, आधी दुकान घे. 'हे' फोन मांडीवर घेऊन बसलेत, पण तू नाही म्हटलंस म्हणून नंबर लावत नाहीत. असं गप्प बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मोबाइलवाल्याचा बोर्ड त्या काचेवर लागला तर आयुष्यभर तुला तो जिना उतरावा लागेल, एवढा विचार कर.

कॅशिअरबाई मात्र तुझ्या बाजूने आहेत. त्या म्हणाल्या, "बरोबर बोलल्या त्या. मी त्यांच्या बँकेत असते तर उठून उभी राहिले असते." मला म्हातारपणी सगळ्याच हट्टी बायका कशा भेटतात?

सा.


१ ऑक्टोबर

साळुंकी, साळुंकी,

ओळी वरखाली झाल्या तर हाताचा दोष नाही, मला खुर्चीत बसवत नाहीये.

शुक्रवारी मॅनेजरसमोर बसले. म्हटलं, "मला वेड लागलंय असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

तो गडबडला. "तसं नाही. तुमचे बंधू..."

"डॉक्टर आहेत ते?"

"नाही."

"कोर्टाचा काही हुकूम आणला होता?"

"नाही. पण घरचा माणूस. काळजीने आले होते."

"काळजी त्यांनी करावी, ते भाऊ आहेत. तुम्ही बँक आहात. माझी ठेव, माझं दुकान, सगळं त्यांना सांगितलंत. मला मात्र कारण विचारलं तर पाणी दिलंत."

त्याचा चेहरा उतरला. वाईट माणूस नाही तो. म्हणाला, "बंधूंनी एक फोन केला तरी मी लगेच करतो. माझ्यावरही जबाबदारी येणार नाही."

"फोन येणार नाही," मी म्हणाले. "तुमच्यासमोर मी बसलेय. मला विचारा काय विचारायचंय ते."

त्याने समोरची फाइल मिटली. सोमवारी बघतो म्हणाला. मी घरी आले आणि शनिवार-रविवार तुझं पत्र येईल, मी डळमळेन, या भीतीने जिन्यात बसून काढले. ते आलं ते आज. बरं झालं.

सोमवारी सकाळी मुख्य कार्यालयातून एका बाईंचा फोन. आवाज तरुण, पण नेमका. माझी तक्रार त्यांच्यासमोर होती. त्यांनी मला आजी म्हटलं नाही, आई म्हटलं नाही, माझ्या आडनावाने हाक मारली. सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "यात तुम्ही काही सिद्ध करायचं राहिलेलं नाही, बाई. आम्ही करायचंय."

फोन ठेवून मी उभीच होते.

दुपारी जिन्यात धापा ऐकू आल्या. मॅनेजर, आणि मागे कागद घेऊन चष्मेवाला. दोघांना बसवलं. मॅनेजरने सही बदलाची मंजुरी ठेवली, ठेव मोडल्याची पावती ठेवली, आणि लेखी माफी. परवानगीशिवाय माहिती दुसऱ्याला दिली आणि कारण न देता काम अडवलं, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. वाचून मी त्याला म्हटलं, "अक्षर छान आहे तुमचं." तो म्हणाला, "मीही कॉन्व्हेंटचा." मग मात्र चहा टाकला.

पाच वाजता नवीन चेकबुक घेऊन घरमालकाकडे. मोबाइलवाला तिथेच बसलेला. मी चेक लिहिला आणि डाव्या हाताने सही ठोकली. मालकाने चेक डोळ्यांपासून लांब नेला, जवळ आणला. "बाई, हा वटेल ना? ही सही आहे की वेल?"

"बँकेला विचारा."

त्याने खरंच फोन लावला. स्पीकरवर. चष्मेवाल्यानेच उचलला. मालक म्हणाला, "या बाईंच्या खात्यात एवढे पैसे आहेत का हो?"

 तो म्हणाला, "साहेब, खातेदाराची माहिती आम्ही दुसऱ्या कोणाला देत नाही. तुम्ही चेक भरा."

साळुंकी, मी त्या फोनला मिठी मारली असती. हेच ऐकायला तर महिनाभर पायऱ्या झिजवल्या. मोबाइलवाला हसला, मालक ओशाळला, आणि मला किल्ली मिळाली. मालकाचं खातंही त्याच शाखेत, म्हणून आज सकाळी चेक वटलासुद्धा. मी खाली काच पुसून आले. आतून आणि बाहेरून.

दादाला म्हणावं, कुलूप काढ आता. आणि मापं द्यायला ये, पण प्रश्न विचारायचे नाहीत.

कातरी


१२ ऑक्टोबर

माझ्या कातरी,

तुझं पत्र आलं त्या दिवशी 'ह्यां'नी ते स्वतः वाचलं, मला न देता. मग दोनदा मला वाचून दाखवलं. घरमालकाच्या फोनपाशी प्रत्येक वेळी थांबतात आणि "हे बरोबर बोलला," म्हणतात. पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे येतोय दोघं. टेबल हलवायला माणसं लागतील ना.

पण मला वेगळंच सांगायचंय. रात्रभर पडून मी विचार करत होते. कातरी, माझं एकटीचं खातं कुठेच नाही. लग्नाआधी वडिलांबरोबर होतं, मग 'ह्यां'च्याबरोबर. एवढी वर्षं पासबुकावर माझं नाव दुसरं. त्यांनी कधी काही अडवलं नाही, खोटं कशाला बोलू. पण मी कधी एकटीने सही करून काही काढलंही नाही. कागद समोर यायचा, खाली यांची सही झालेली असायची, मी शेजारी करायची. माझी सही जुळते की नाही, हे कोणी कधी तपासलंच नाही.

सकाळी सांगितलं, "मला बँकेत जायचंय. माझं एक खातं काढायला."

मला वाटलं, आधी 'नको' येणार. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि चपला घातल्या. "सोबत येऊ? बाहेर बसतो."

गेलो. ते बाकावर बसले, माझी पर्स मांडीवर धरून. मी टेबलाशी बसले.  समोरच्या बाईने अर्ज घेतला, फोटो चिकटवला, सगळं भराभर लिहिलं. मग एका रकान्यापाशी थांबली आणि माझ्या डोक्यावरून बाकाकडे बघून म्हणाली, "साहेब, खातं दोघांच्या नावावर करायचंय ना?"

ते जागचे उठले नाहीत. पर्स सावरत म्हणाले, "मला काय विचारता? खातेदार तुमच्यासमोर बसल्यात."

ती माझ्याकडे वळली. मी म्हटलं, "एकटीच्या." आणि पेन उचललं.

तुझी
साळुंकी